धोंड्याच्या महिन्यातला बुफे

धुरपदाबाईंचे अनारसे यंदा तुपात हसले. एखादा नव्हे, झाडून सगळे. तांदूळ तीन दिवस भिजवले होते, पाणी रोज बदललं होतं, गुळाचं मापही गेली चाळीस वर्षं चालत आलेलंच होतं. पण कढईत सोडला की अनारसा पसरायचा, फुटायचा आणि त्याचा चुरा तुपावर तरंगत बसायचा. धुरपदाबाईंनी सहावा सोडून पाहिला, सातवा सोडून पाहिला. मग झारा आपटून ठेवला आणि पिठाला, उन्हाला नि पंचांग करणाऱ्याला एका दमात शिव्या घातल्या.

पंचांगवाल्याचा दोष एवढाच, की अधिक महिना ऐन जेठात आला होता. तीन वर्षांनी एकदा येणारा हा धोंड्याचा महिना. या महिन्यात लेकीला नि जावयाला बोलवायचं, जावयाला पाटावर बसवून ओवाळायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि जाळीदार पदार्थाचं वाण हातात द्यायचं. मोजून तेहतीस नग. जाळीदार म्हणजे अनारसे, नाहीतर बत्तासे. दुकानातून बत्तासे आणून मोकळ्या होणाऱ्या बायकांना धुरपदाबाई आयुष्यभर नावं ठेवत आल्या होत्या, त्यामुळे ती वाट त्यांची त्यांनीच बंद करून घेतली होती.

"आत्याबाई, अनारशाला जाळी असती म्हणूनच देत्यात न्हवं त्यो?" सून हर्षालीनं विचारलं.

"मग काय रंग बघून देत्यात?"

हर्षाली उठली. फडताळातून कालचा एक वाटीतला केक काढला, मधोमध मोडला आणि सासूच्या नाकासमोर धरला. "ही बघा जाळी."

धुरपदाबाईंनी तो तुकडा उजेडाकडे धरून पाहिला. जाळी होती. चांगली बारीक, एकसारखी जाळी होती. त्यांच्या तरुणपणीच्या अनारशालासुद्धा इतकी सारखी पडत नसे, पण हे सुनेला सांगण्याची काही गरज नव्हती.

हर्षालीनं दोन वर्षांपूर्वी घरात ओव्हन आणला तेव्हा याच धुरपदाबाई म्हणाल्या होत्या, की पाव भाजायला काय बाजारातली भट्टी बंद पडली? आता तालुक्याच्या भूम गावातल्या निम्म्या वाढदिवसांचे केक या घरातून जात होते आणि बाजाराच्या दिवशी बायका धुरपदाबाईंना थांबवून 'तुमच्या सूनबाईला सांगा की' म्हणत होत्या. तेव्हापासून त्या ओव्हनवर रोज स्वतःच्या हातानं फडकं मारत.

मुलगा बालाजीनं भूमच्या गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, जाळी असली म्हणजे झालं, फक्त अंडं नको. अंडं नव्हतंच. दही, रवा, थोडा मैदा, दुधाची पावडर आणि घरच्या झाडाच्या आंब्याचा रस. गुरुजींनी जाता जाता आपल्या नातवाच्या वाढदिवसाची तारीखही सांगून ठेवली.

वाणाचं मिटलं, तसं हर्षालीनं दुसरं काढलं. माणसं चाळीस. बाहेर बेचाळीस अंश. चुलीपुढं बसून पंगत कोण वाढणार? तिनं वहीत सगळं लिहूनच ठेवलं होतं. आदल्या दिवशी करून ठेवायचं आणि थंडच खायचं. धपाटे, दहीभात, शेंगांची चटणी, काकडीची कोशिंबीर, आमरस, माठातला मठ्ठा, फोडी केलेलं कलिंगड आणि केक. गरम फक्त धोंडे. अंगणातल्या शेडात लांब टेबल मांडायचं, ताटं रचून ठेवायची, ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं.

"बुफे," हर्षाली म्हणाली.

"तात्या जीव घेतील तुझा," धुरपदाबाई म्हणाल्या.

यात अतिशयोक्ती नव्हती. तात्या म्हणजे त्यांचे यजमान बलभीमराव. बालाजीच्या लग्नात सगळ्या तालुक्यात बुफे चालला असताना त्यांनी आठशे माणसांची पंगत बसवली होती. 'जनावरंबी एका दावणीला उभी ऱ्हाऊन खात्यात, गव्हाणी हुंगत फिरत न्हाईत,' असं ते मांडवात माईकवरून बोलले होते. पण हर्षालीनं भीत भीत विचारलं तर बलभीमरावांनी वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

"करा की बुफे. ह्या उन्हात पंगत कुणाला होती?"

धुरपदाबाईंना बरं वाटलं. चाळीस वर्षांत हा माणूस पहिल्यांदा बायकांच्या घामाचा विचार करतोय असं त्यांना वाटलं. आणि मनात आणखी एक गोष्ट आली, की आता नरमलेच आहेत तर धाकट्याचंही निभावेल.

धाकटा म्हणजे शांतलिंग, धाकट्या अक्षराचा नवरा. त्याचं उमरग्यात ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं. अक्षरा कृषी पदविका करताना त्याच्याशी ओळख झाली आणि तीन वर्षांपूर्वी दोघांनी धाराशिवला नोंदणी लग्न केलं. तो लिंगायत, हे मराठे. बलभीमरावांनी मारामारी केली नाही, की लेकीला तोंड दाखवू नको म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त त्या माणसाला मोजायचं नाही असं ठरवलं. अक्षरा दिवाळीला यायची, एकटी. कुणी विचारलं, की तुम्हाला जावई किती, तर बलभीमराव म्हणायचे एक. तो एक म्हणजे थोरल्या चारुशीलेचा नवरा, परांड्याचा अमरसिंह. चाळीस एकर ऊस, पांढरी गाडी आणि बारीकसारीक गोष्टींवर रुसण्याची हातोटी.

धोंड्याचं बोलावणं धुरपदाबाईंनी या वेळी स्वतः फोन करून दोघांना दिलं होतं. अक्षरानं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "आई, त्यांना पाटावर बसवून ववाळणार असशील तर आणते. कडंला कुठंतरी बसवून जेवू घालायचं असंल तर सांग आत्ताच. तसं झालं तर त्यांचं सोड, म्यासुद्धा पुन्ना उंबऱ्यात पाय ठेवणार न्हाय."

"बसवते," धुरपदाबाई म्हणाल्या. "माझा शब्द हाय."

शब्द देऊन टाकला होता, नवऱ्याला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते आणि मग काहीच करता आलं नसतं. वेळ येईल तेव्हा चार माणसांत ते काही बोलणार नाहीत, असा हिशोब त्यांनी मनाशी केला होता.

आदल्या दिवशी पहाटे पाचला हर्षालीनं ओव्हन लावला, कारण त्या वारी नवाला लाईट जायची ती तीनशिवाय येत नव्हती. एका घाण्यात बारा केक बसत. तेहतिसासाठी तीन घाणे पुरत होते. तिसरा घाणा निघाला, तसं हर्षालीनं हात पुसले.

"अजून तीन घाल," धुरपदाबाई म्हणाल्या.

हर्षालीनं सासूकडे पाहिलं. तिला लगेच कळलं. काही न विचारता तिनं पुन्हा दही घुसळायला घेतलं. सहावा घाणा आत असतानाच लाईट गेली. केक अर्धवट फुगून थांबले. दोघी घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. मग हर्षालीनं मोठ्या कुकरच्या तळाशी मिठाचा थर पसरला, शिट्टी काढून टाकली, गॅस बारीक केला आणि ते बारा केक चार-चार करून त्यात भाजून काढले. जरा बसके झाले, पण जाळी पडली. धुरपदाबाईंनी स्टीलचे दोन डबे घासून पुसून घेतले, प्रत्येकात मोजून तेहतीस केक भरले आणि देवघरात शेजारी शेजारी ठेवले. उरलेले सहा बालाजीनं खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजल्यापासून माणसं यायला लागली. भावकी आली, बलभीमरावांची बहीण आली, तिची सुना-नातवंडं आली. अमरसिंहाची गाडी थेट शेडापर्यंत आली आणि बलभीमराव स्वतः दार उघडायला पुढे झाले. "या, या अमरसिंहराव. उन्हाचं लई लांबनं आलाव." अमरसिंहानं गॉगल काढला, शेडाच्या पत्र्याकडे पाहिलं आणि पंख्याखालची खुर्ची पकडली.

अक्षरा आणि शांतलिंग एसटीनं आले. भूमच्या स्टँडवरून बालाजीनं त्यांना मोटारसायकलवर ट्रिपल सीट आणलं. शांतलिंग तिशीचा, सावळा, हसरा माणूस. खांद्याला पिशवी. आल्या आल्या तो बलभीमरावांच्या पाया पडला. बलभीमराव "हं" म्हणाले आणि बालाजीकडे वळून म्हणाले, "पाणी दिलं का?" कुणाला दिलं का, ते त्यांनी सांगितलं नाही. गेल्या तीन वर्षांत कुणाच्या लग्नकार्यात गाठ पडली तरी त्यांनी या माणसाला तू म्हटलं नव्हतं आणि तुम्हीही म्हटलं नव्हतं. दोन्ही चुकवून बोलायची त्यांना चांगलीच सवय झाली होती. अक्षरा आईच्या तोंडाकडे बघत होती. धुरपदाबाईंनी मान हलवून तिला धीर दिला.

मग त्या घरात गेल्या. बलभीमराव देवघराच्या दारात उभे होते.

"पाट कुठं मांडायचे? हितं सोप्यात का शेडात?" धुरपदाबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पाट कशाला? बुफे हाय न्हवं."

"अवं, पण ववाळायला तर..."

"अमरसिंहरावास्नी जेवणं झाल्यावर आत खोलीत बसवून ववाळ. वाण दे. इतरांचं काय, ज्यानं त्यानं घ्यायचं, ज्यानं त्यानं बसायचं. तुझ्या सुनंनं चांगलं काढलं ह्ये."

तेव्हा कुठे धुरपदाबाईंच्या डोक्यात उजेड पडला. पंगत बसली असती तर पाट मांडावे लागले असते. पाट मांडायचे म्हणजे किती, हे ठरवावं लागलं असतं. टेबलाला लावून ठेवलेल्या ताटांना ते ठरवावं लागत नाही. कुणाचा मान नाही आणि कुणाचा अपमानही नाही. नवऱ्याला बायकांच्या घामाचं काहीएक पडलेलं नव्हतं. आणि आपण खुळ्यासारख्या दोन दिवस खूश होतो, याचा त्यांना संताप आला.

"म्या अक्षराला शब्द दिलाय," त्या म्हणाल्या.

"तू दिलास, तू बघ." बलभीमरावांची नजर आत गेली. "डबे दोन कशाचे?"

"वाणाचे."

"जावई एक, डबे दोन?"

बलभीमरावांनी त्यातला एक डबा उचलला, बाहेर नेऊन हर्षालीच्या हातात दिला आणि म्हणाले, "ह्ये टेबलावर मांड. पोरं खातील."

पाव्हणे बघत होते. सासऱ्यापुढं हर्षाली काय बोलणार? तिनं मोठ्या परातीत केक मांडले. सातआठ पोरं तिथं टपूनच होती. पाच मिनिटांत परातीत नुसते कागद उरले. कुकरात भाजलेले बसके केकसुद्धा पोरांनी सोडले नाहीत. धुरपदाबाई खिडकीतून ते बघत राहिल्या. लेक पुन्हा येणार नाही, ती बोलली ते करणारी आहे, बापावरच गेली आहे. पुढची दिवाळी, त्याच्या पुढची दिवाळी आणि तिला मूल झालं की तेसुद्धा लांबच राहणार, हे सगळं त्यांना त्या रिकाम्या परातीत दिसलं.

साडेबाराला हर्षालीनं सांगितलं, की जेवण तयार आहे, घ्यायला सुरुवात करा.

कुणी उठलं नाही.

हे तिच्या वहीत लिहिलेलं नव्हतं. भूमच्या मंगल कार्यालयात लोक बुफेवर तुटून पडतात, हे तिनं पाहिलं होतं. पण ते लग्न. हा धोंडा होता. धोंड्याच्या जेवणाला पहिला घास जावयाचा, हे त्या शेडातल्या चाळीस माणसांना जन्मापासून माहीत होतं. आणि जावयानं सासुरवाडीत स्वतःच्या हातानं वाढून घ्यायचं नसतं, हेही माहीत होतं. नेमकं टेबल मांडताना कुणाला आठवलं नव्हतं, एवढंच. सगळे अमरसिंहाकडे बघत होते आणि अमरसिंह पंख्याकडे बघत होता.

"घ्या की दाजी," बालाजी म्हणाला.

"घेतो की. काय घाई हाय?"

दहा मिनिटं गेली. "घ्या की अमरसिंहराव," बलभीमराव म्हणाले.

"व्हऊ द्या सगळ्यांचं. आमचं काय, आमी घरचेच."

'घरचेच' हा शब्द तो कशा सुरात म्हणाला ते चारुशीलेला बरोबर कळलं आणि ती लगबगीनं आत निघून गेली. पोरांना केक खाऊन तहान लागली होती. आमरसाच्या पातेल्याखालच्या बर्फाचं पाणी झालं. धपाट्यांचे काठ वाळायला लागले. भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं, ज्याला साखरेचा त्रास होता, दोनदा चुळबुळ केली आणि शेवटी तो मोठ्यानं म्हणाला, "बलभीमा, जावयाला बसव की बाबा. आमी साखरेची माणसं, उद्याच्याला जेवायचं व्हय?"

बालाजीनं एक ताट भरून अमरसिंहाच्या हातात नेऊन दिलं. अमरसिंहानं ते मांडीवर ठेवलं, धोंड्याला बोट लावून पाहिलं आणि म्हणाला, "पाटाबिगर धोंडा? आमच्या परांड्यात तर असं बघितलं न्हाय."

बलभीमरावांचा चेहरा उतरला. अमरसिंहाला पाट द्यायचा, तर भर शेडात द्यावा लागणार. आणि भर शेडात एक पाट मांडला, की दुसरा मांडला का नाही हे चाळीस जणांना दिसणार. जे चुकवायला त्यांनी पंगत सोडली होती, तेच पुढ्यात येऊन उभं राहिलं होतं. धुरपदाबाई स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांना नवऱ्याची कीव आली नाही. हात कमरेवर ठेवून त्या उभ्या राहिल्या. तुम्ही मांडलंय, तुम्हीच निस्तरा, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात शांतलिंग उठला.

तो कोपऱ्यात पोरांबरोबर बसला होता. त्यानं पाहिलं, की अन्न तयार आहे, माणसं भुकेली आहेत आणि वाढायला कुणी नाही. त्याला यातलं दुसरं काही दिसलंच नाही. गावच्या मठात वर्षाच्या जत्रेला हजार माणसांचा दासोह, म्हणजे अन्नदान, असायचा आणि तिथं आलेल्याला वाढणं याहून मोठं पुण्य नाही, असं लहानपणापासून त्याच्या कानावर आलेलं. त्यानं हौदावर हात धुतले, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि धोंड्यांचं भांडं उचललं.

"बसा, बसा सगळे. ताटं घेऊन वळीनं बसा. म्या वाढतो की," तो म्हणाला. "बालाजीभाऊ, तुमी मठ्ठा घ्या. चला जल्दी, पोरं भुकेजलीत."

लोकांना तेवढंच हवं होतं. माणसं ताटं घेऊन पटापट खाली बसली. शेडात आपोआप पंगत झाली. शांतलिंग वाकून वाकून वाढत निघाला आणि चांगलं वाढत होता, सांडत नव्हता, विसरत नव्हता. म्हाताऱ्याला त्यानं न विचारताच धोंडा वगळून दहीभात वाढला. सगळ्यांच्या जिवात जीव आला. फक्त अक्षरा खांबाला धरून खाली बघत उभी होती.

धुरपदाबाईंनाही कळत होतं, काय चाललंय ते. आज याच्या हातात भांडं राहिलं, की कायमचं राहिलं. उद्यापासून भावकीत बोलणं होणार, बलभीमाच्या घरी धोंडा झाला, परांड्याचा जावई जेवला आणि उमरग्याचा वाढायला होता. बलभीमरावांना काही करायची गरजच उरली नव्हती. त्या बिचाऱ्यानं आपल्या हातानं आपला पाट उचलून ठेवला होता आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं. धुरपदाबाईंना ओरडावंसं वाटत होतं, पण सासूनं जावयाला चार माणसांत काय म्हणून ओरडायचं? त्यांनी बलभीमरावांकडे पाहिलं. ते खांद्यावरच्या टॉवेलचं टोक पिळत उभे होते.

शांतलिंग अमरसिंहापुढं आला. खुर्चीपुढं वाकून त्यानं धोंडा वाढला. "घ्या अण्णा. गरम हायत."

अमरसिंहाला शेवटी हवं ते मिळालं होतं. कुणीतरी पुढ्यात वाकून वाढत होतं. तो खुशीत आला आणि खुशीत आला की त्याची जीभ सुटायची. "तूप कुठाय रं? धोंड्यावर तूप न्हाय वाढलास? नळ्या इकून इकून इसरला का काय जेवणाची रीत? जा, तूप आण."

दोघं-तिघं हसले. शांतलिंगही हसला. "आणतो की," म्हणाला आणि तुपाच्या तांब्याकडे वळला.

"थांबा."

आवाज मोठा नव्हता, पण हसणारे गप्प झाले. बलभीमराव टेबलाजवळून निघाले आणि पंगतीच्या मधून चालत आले. त्यांची मान लाल झाली होती. हा राग धुरपदाबाईंना ओळखीचा होता. पण तो कुणावर आहे, हे त्यांनाही आधी कळलं नाही. बलभीमरावांनी शांतलिंगच्या एका हातातलं भांडं काढून घेतलं, दुसऱ्या हातातली पळी काढून घेतली.

"जावई माणसानं सासुरवाडीत वाढायचं नसतं," ते म्हणाले. "ठावं न्हाय का तुमास्नी? बसा."

शांतलिंगला काही समजेना. आपली काहीतरी मोठी चूक झाली अशा चेहऱ्यानं तो रिकामे हात धरून उभा राहिला.

"बसा म्हणलं न्हवं. बालाजी, दोन पाट आण. दोन. हितं, एका वळीत मांड." मग त्यांनी अमरसिंहाकडे पाहिलं. "अमरसिंहराव, तुमीबी खुर्ची सोडा. आन तूप वाढायला ह्या घरात म्या हाय. माझ्या जावयाला सांगायचं न्हाय."

अमरसिंहानं उठायला जरा वेळ लावला, पण उठला. चारुशीला दारात आली होती आणि तिची नजर बघून तो मुकाट्यानं पाटावर जाऊन बसला. शेजारच्या पाटावर शांतलिंग बसला, अवघडून, गुडघे वर करून. म्हातारा दहीभाताचा घास तोंडात धरून म्हणाला, "आरं व्हय, दोन जावई हायत की रे तुला बलभीमा." बलभीमरावांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"आन वाण?" हर्षाली सासूच्या कानात कुजबुजली. "दुसरा डबा तर पोरांनी..."

"उद्या पाचला उठ," धुरपदाबाई म्हणाल्या. "आज ती दोघं कुठं जात न्हाईत."

बलभीमराव अजून भांडं आणि पळी घेऊन तसेच उभे होते. बायकोकडे वळून ते खेकसले, "आगं बघत काय ऱ्हायलीस? ववाळणार हायस का न्हाय? माणसं खोळंबलीत."

धुरपदाबाई आत धावल्या. तबक कालपासून तयार होतं. कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन, सगळं. काडी ओढली ती विझली. दुसरी ओढली ती मोडली. डोळ्यांपुढं सगळं पाणी पाणी झालं होतं. शेवटी अक्षरानं मागून येऊन त्यांच्या हातातली पेटी घेतली आणि निरांजन लावलं. मायलेकी तबक घेऊन बाहेर आल्या.

आधी थोरल्याला ओवाळलं. मग धाकट्यापुढं आल्या. कुंकू लावताना शांतलिंग हळूच म्हणाला, "आत्या, माझं काय चुकलं का?"

"न्हाय रे बाळा," त्या म्हणाल्या आणि अक्षता जरा जास्तच टाकल्या.

बलभीमराव वाकले. आधी अमरसिंहाच्या ताटात धोंडा वाढला आणि तूप वाढलं. मग शांतलिंगच्या ताटात एक धोंडा वाढला, दुसरा वाढला. तो नको म्हणून हात आडवा करत होता, त्या हातावरूनच तिसरा वाढला आणि वरून तुपाची धार सोडली.

"हात काढा," ते म्हणाले. "आन सावकाश व्हऊ द्या."